जवसाचं तेल आणि बुधवारचा उपास

मागच्या लेखाखाली एका वाचकाने विचारलं आहे, "काका, फुलसावंगीकडे फिरायला जायचा विचार आहे. रस्ता कसा आहे, काय बघावं, कुठे जेवावं?" रस्ता आता चांगला झाला आहे म्हणतात. काय बघावं ते मला सांगता येणार नाही. मी त्या बाजूला आयुष्यात एकदाच गेलो, तोही फिरायला नाही, सरकारी कामाला. आणि जेवणाच्या बाबतीत मी तिथे जे केलं, ते पाहता 'कुठे जेवावं' हा प्रश्न मला विचारणं ही थट्टाच आहे. तरी विचारलंत, तर सांगतो. साठ वर्षं होऊन गेली. गुडघे गेले, दात गेले, पण ती तीन दिवसांची फेरी काही अंगातून गेली नाही.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी चोविशीचा, यवतमाळात एका सरकारी खात्यात तपासनीस. पदाचं नाव भारदस्त आणि काम पायपिटीचं. खेड्यात गूळ, पापड, हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल असे खाण्याचे जिन्नस करणाऱ्यांना सरकार अनुदान देई. अनुदान मागणारा खरा आहे की कागदावरचा, हे बघून येणं माझ्याकडे असे. महिना मार्चचा होता. ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना मार्च म्हणजे काय ते सांगायला नको. एकतीस तारखेच्या आत अनुदान वाटलं नाही तर ते परत जातं, म्हणून अकरा महिने झोपलेल्या फायली एकदम उठून बसतात. त्या महिन्यात राळेगाव भागाच्या तीन फेऱ्या आधीच झाल्या होत्या. पाठ धरली होती आणि घशात धूळ कायमची मुक्कामाला होती.

अशात साहेबांनी आणखी एक फाइल पुढे सरकवली. फुलसावंगीच्या पुढे तीन कोसांवर एक गाव आहे. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या लोकांची नातवंडं आता हे वाचत असतील. गावाबाहेरच्या वस्तीत चार बौद्ध कुटुंबांनी मिळून जवसाच्या तेलाची घाणी चालवली होती आणि नव्या, सुधारित घाणीसाठी अनुदान मागितलं होतं. अर्ज वरून परत आला होता. त्यावर शेरा असा: 'योजना खाद्यतेलासाठी आहे. जवस हे तक्त्यात अखाद्य तेलबियांमध्ये, रंग व वार्निश या सदरात येते. सबब अनुदान देय नाही. स्थानिक लोक हे तेल खातात असे प्रत्यक्ष जागेवर सिद्ध झाल्यास फेरविचार करता येईल.'

मी हसलो. साहेबही हसले, ते आमच्याच भागातले होते. तक्ता करणारा माणूस मुंबईत बसलेला, त्याने जवस फक्त रंगाच्या डब्यावर वाचलं असणार. इकडे अख्खं वऱ्हाड जवसाच्या तेलावर वाढलेलं. आमच्या घरीसुद्धा मी मॅट्रिक होईपर्यंत तेच तेल होतं. वडिलांना बढती मिळाली आणि शेंगदाण्याचं आलं, एवढंच.

मी म्हटलं, "साहेब, हे मी इथेच टेबलावर बसून लिहून देतो."

"'प्रत्यक्ष जागेवर' असं लिहिलंय," साहेब म्हणाले. "त्या घाणीच्या पाच गिऱ्हाइकांचे अंगठे आण, खायला तेल नेतो म्हणून. आणि तू स्वतः खात्री केलीस अशी एक ओळ लिही. तीन दिवसांत होईल."

मंगळवारी सकाळी यवतमाळच्या स्टँडवरून महागावची गाडी धरली. तिकीट दोन रुपयांच्या अलीकडे-पलीकडे असावं. खिडकीची जागा मिळाल्याचा आनंद पहिल्या दहा मैलांत धुळीने खाल्ला. आर्णीपर्यंत रस्ता बरा होता. पुढे डांबर कुठे आहे आणि कुठे नाही ते ड्रायव्हरलाच ठाऊक. दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी उपटलेली काळी रानं आणि मधूनमधून फुललेला पळस. हौशी माणसाने त्या पळसावर पानभर लिहिलं असतं, मला फक्त उकडत होतं.

आर्णीला गाडी वीसेक मिनिटं थांबली. चहा दहा नव्या पैशांना, भजी कढईतून नुकती काढलेली. एक तोंडात टाकलं आणि ओळखीचा, किंचित कडसर वास आला. हॉटेलवाल्याला विचारलं, "जवसाच्या तेलातली का?"

"मंग काय तुपातली देऊ का जी, एवढ्याशा पैशात?" तो म्हणाला.

अहवालाचं पहिलं वाक्य मी तिथेच मनात लिहून टाकलं. इतकं सोपं काम सरकारने तीन दिवसांचं का केलं, याचा मला रागसुद्धा आला.

महागावहून फुलसावंगीला तेव्हा दिवसातून एखादीच गाडी असे आणि ती निघून गेली होती. सरकीची पोती घेऊन जाणाऱ्या एका ट्रकवर, पोत्यांवर बसून पुढचा रस्ता काढला. उतरलो तेव्हा माझे कपडे, केस आणि फाइल एकाच रंगाचे झाले होते. मुक्काम ग्रामसेवकाच्या खोलीवर. माझ्याच वयाचा, अकोल्याकडचा, एकटा राहणारा माणूस. त्याने पिठलं-भाकर केली आणि माझं काम ऐकून घेतलं.

"कायले जाता साहेब उन्हातान्हाचं?" तो म्हणाला. "मी पाच जनाचे अंगठे इथंच आनून देतो. जवस खातो म्हून कोनीबी अंगठा देईन."

"त्याच घाणीचं तेल खाणारे हवेत."

"हाव?" त्याने ताट बाजूला सारलं. "मंग कठीन हाये."

"का? त्या घाणीचं तेल खात नाहीत का लोक?"

"खातेत ना! सारे खाऊन राह्यले." एवढं बोलून त्याने सतरंजी झटकली आणि पाठ फिरवून पडला. याचा अर्थ काय, हे विचारण्याइतकंही त्राण माझ्यात नव्हतं.

बुधवारी सकाळी तो आणि मी बंडीने निघालो. बंडी गणपत नावाच्या त्याच गावच्या माणसाची. तुम्ही बैलगाडीतून प्रवासाची स्वप्नं बघत असाल तर एक सांगतो, चाकाच्या आखाला तेल आहे की नाही ते आधी पाहून घ्या. या बंडीचा आख तीन कोस किंचाळत होता. मी दोनदा विचारलं, "अरे, वंगण घाल की याला." गणपत म्हणाला, "संपलं जी." वाटेत पाणी एकाच ठिकाणी, एका नाल्यातल्या डबक्यात, तेही बैलांसाठी. माझ्या फिरकीच्या तांब्यातलं कोमट पाणी मी घोट-घोट पुरवत होतो. घरून चहा पिऊन निघालेला माणूस दुपारी बारापर्यंत उपाशी राहिला की त्याला अख्खं जग आपल्या विरुद्ध आहे असं वाटू लागतं.

वस्ती गावाच्या अलीकडेच लागली. चार घरं, शेणाने लखलखीत सारवलेली अंगणं, आणि एका निंबाच्या झाडाखाली घाणी. डोळ्यांवर फडकं बांधलेला बैल गोल फिरत होता आणि जड लाकडी लाट उखळात जवस रगडत होती. उखळाला वरपासून खालपर्यंत चीर गेलेली. ती चिंध्या आणि डिंक भरून बुजवली होती, तरी तेल पाझरतच होतं. खाली घमेलं लावलेलं. घाणीचे कारभारी कचरूजी, पन्नाशीचे, हडकुळे, हळू बोलणारे.

"बारा आने तेल घमेल्यात पडते," ते म्हणाले, "चार आने मातीत जाते."

गावचा जुना तेली पुसदला राहायला गेला तेव्हा टाकून दिलेली ही घाणी त्यांनी घेतली होती. बोलायचं काम मात्र त्यांची बायको सायत्राबाई करत होती. डोक्यावरचा पदर सारखा करत ती माझ्यासमोर उभी राहिली आणि जे सांगायचं ते तिने एका दमात सांगितलं.

"बाबूजी, पयले आमी गावची मेलेली ढोरं वढत होतो. दीक्षा घेतली आन ते सोडलं. मंग गावानं वरसाचं धान्य बंद केलं. चार घरं हायेत, लेकरं हायेत. आता हे घाणी हाये त आमी हावो. हे उखळ येत्या पावसाळ्याच्या आत फुटन, हे मले दिसून राह्यलं. तवा तुमी काय लिवता, त्याच्यावर हाये आमचं सारं."

मी मान हलवली. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण मला भूकही लागली होती, आणि दोन्ही गोष्टी एकाच पोटात चालल्या होत्या.

तेवढ्यात ताट आलं. ज्वारीची ताजी भाकर, तुरीचं घट्ट वरण, त्यावर नुकत्याच काढलेल्या जवसाच्या तेलाची धार, फोडलेला कांदा. ताट सायत्राबाईने माझ्यापुढच्या पाटावर ठेवलं आणि म्हणाली, "खाऊन पाहा जी. खाल्ल्याबिगर कसं समजन?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "माझा आज उपास आहे."

मी ते ठरवून बोललो नाही. ठरवून बोललो असतो तर निदान खोटं तरी जरा बरं बोललो असतो. माझ्या मनात काही वाईट नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. मनात नव्हतं, जिभेवर होतं. घरात लहानपणापासून जे पाहिलं, ते जिभेने न विचारता बोलून टाकलं. ग्रामसेवकाने मान खाली घातली. आदल्या संध्याकाळी पिठलं-भाकर आणि सकाळी त्याच्याबरोबर चहा घेताना उपासाचं नावही निघालं नव्हतं.

सायत्राबाईने विचारलं, "बुधवारचा?"

"हो. नवस आहे."

"कोनाचा?"

"आईचा."

"आईचा नवस, आन उपास तुमाले?"

"राहू दे ना वं," कचरूजी हळूच म्हणाले.

तिने ताट उचललं. रागाने नाही, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आत गेली आणि ओंजळभर भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली. "शेंगा त चालतेत ना उपासाले?" मी शेंगा खाल्ल्या. टरफलाच्या आतला दाणा कुणाच्या हातचा नसतो. तेच ताट तिने ग्रामसेवकापुढे ठेवलं आणि तो माझ्यासमोर जेवला. वरण-भाकरीचा वास मला येत होता. आजही कुठे तुरीच्या वरणावर कच्चं तेल घातलं की मला आधी शेंगांची आठवण होते.

मग अंगठे गोळा करायला गावात गेलो. कचरूजी आमच्याबरोबर वेशीपर्यंत आले आणि तिथेच बसले. "तुमी जा जी," म्हणाले, "मी असलो त कोनी बोलनार नाही." घाणीवर तेल कोण कोण नेतं, ती घरं त्यांनी बोटावर मोजून सांगितली होती.

पहिलं घर मोठ्या चौकटीचं. ओट्यावर घरधनी सुपारी कातरत बसले होते. आतून फोडणीचा चरचर आवाज आणि जवसाचा खमंग वास.

"वस्तीवरच्या घाणीचं तेल नेता ना तुम्ही?" मी विचारलं.

"नेतो ना."

"खायला?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "छे छे! खायाले कायले? दिव्याले नेतो. देवापुढं."

"मग आत फोडणी कशाची चालली आहे?"

"ते शेजारच्या घरून येऊन राह्यलं."

आतून कुणीतरी खोकलं. शेजारचं घर बंद होतं, त्याला बाहेरून कुलूप होतं.

दुसऱ्या घरी बैलांच्या शिंगांना लावायला नेत होते. तिसऱ्या घरी बाळाच्या अंगाला. चौथ्या घरी एक म्हातारी चुलीपुढे बसली होती, तिच्या कढईतलं तेल मी डोळ्यांनी पाहिलं. ती म्हणाली, "हे पुसदचं हाये बाप्पा." सुनेने तोंडावर पदर घेतला. पाचवा आमचा गणपतच. आंब्याखाली बंडी सोडून बसला होता. घरातलं कुणी ऐकायला नाही, ओळखीचा आहे, हा तरी खरं बोलेल म्हणून विचारलं.

"नेतो ना जी," गणपत म्हणाला. "बंडीच्या आखाले."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. तोही माझ्याकडे पाहत राहिला. मग तो हसला, थोडा ओशाळून. मला मात्र हसू आलं नाही. थोड्या वेळापूर्वी मीही असाच पाहत बसलो होतो, सायत्राबाईकडे.

उन्हात पायऱ्या चढून-उतरून माझं डोकं ठणकत होतं. सरकारी कागदावर पाच घरं झाली होती आणि पाचही जण शपथेवर सांगत होते की ते तेल माणसाने खाण्याचं नाही. मुंबईतल्या त्या तक्त्यावाल्याला जे माहीत नव्हतं म्हणून त्याने अखाद्य लिहिलं, ते या सगळ्यांना माहीत असून ते अखाद्यच म्हणत होते. शेरा खरा ठरत होता. अर्ज मरणार होता आणि त्याला मारायला कुणी वाईट माणूस लागला नव्हता. सगळे आपले बरे, घरंदाज, बोलायला गोड लोक होते, मी धरून.

वस्तीवर परतलो तेव्हा बैल सोडलेला होता. सायत्राबाई ढेप फोडत होती. तेल काढून उरलेली जवसाची कडक वडी ती दगडाने फोडून टोपल्यात टाकत होती.

"किती झाले अंगठे?" तिने वर न बघता विचारलं.

"एकही नाही."

"काय म्हनले?"

मी कागद वाचून दाखवला. दिव्याला. शिंगांना. बाळाच्या अंगाला. पुसदचं आहे. आखाला.

दगड तिच्या हातातच राहिला. "म्हंजे आमचं तेल देवाले चालते, बैलाले चालते, लाकडालेबी चालते," ती म्हणाली. "मानसाच्या तोंडाले तेवढं नाही चालत." मग तिने माझ्याकडे बघितलं. "आन तुमचा उपास."

तिला पहिल्या क्षणापासून कळलं होतं. मी काहीतरी बोलायला गेलो. अहवालात मी माझी ओळ लिहीन, तेल खाद्य आहे असं मला माहीत आहे, आमच्या घरी होतं, असं काहीतरी. ती ऐकून घ्यायला थांबली नाही. उठून आत गेली आणि औषधाची एक धुतलेली बाटली काठोकाठ भरून घेऊन आली. तोंडाला चिंधीचं बूच.

"घ्या. उपास सुटला का खाजा," ती म्हणाली. "चांगलं लागलं त तसं लिवजा. नाही लागलं त नाही म्हून लिवजा. आमी काही म्हननार नाही. पन खाल्ल्याबिगर लिवू नका बाबूजी. खोट्या कागदावरची घाणी मले नाही पायजे."

ती बाटली घेऊन मी बंडीत बसलो. परतीचे तीन कोस आख किंचाळतच होता. पिशवीतल्या बाटलीकडे गणपतने एकदा पाहिलं, पण थोडं तेल मागावं असं त्यालाही वाटलं नाही.

गुरुवारी सकाळच्या गाडीने निघालो. चिंधीचं बूच किती घट्ट असणार? महागाव येईपर्यंत पिशवीला तेल सुटलं आणि अर्जाच्या कोपऱ्यावर एक पारदर्शक डाग पडला. गाडीभर वास. माझ्या शेजारी लाल फेट्याचे एक शेतकरी होते. दोनदा नाक फुलवून म्हणाले, "वा! ताजं जवस दिसून राह्यलं. कोन्या तेल्याचं जी?"

"तेल्याचं नाही," मी म्हणालो आणि थांबलो. ते पुढच्या शब्दाची वाट पाहत होते. मी खिडकीकडे तोंड केलं.

आर्णीला गाडी जेवणाला थांबली. खानावळीत पोळी, वरण, भात, थोडक्या पैशांत पोटभर, आणि वरण अगदी आळणी. पिशवी माझ्या मांडीवर होती. कुणी मला ओळखत नव्हतं, कुणी बघत नव्हतं, आई पंचवीस-तीस मैल लांब होती. मी पिशवीत हात घातला, बाटलीचा गळा हाताला लागला, आणि मी रुमाल बाहेर काढला. हात पुसले, आळणी वरण संपवलं आणि गाडीत जाऊन बसलो. बाकी सगळ्याला सबबी सापडतात मला. घर, वय, थकवा, जिभेची सवय. आर्णीच्या त्या खानावळीला अजून सापडलेली नाही.

दुपारी घरी पोचलो. आईने पिशवी घेतली आणि वासावरून ओळखलं. "अगं बाई, जवसाचं! किती दिवसांनी. कुणी दिलं रे?"

मी सांगितलं. कुठल्या वस्तीवरचं, कुणाचं, कशासाठी. आईने बाटली ओट्यावर ठेवली आणि हात पदराला पुसले. अंघोळ करून मी आडवा झालो आणि तीन दिवसांची झोप एकदम आली.

उठलो तेव्हा दिवेलागण झाली होती. देवापुढे समई लावलेली आणि घरभर तोच वास. ओट्यावर रिकामी बाटली पालथी घातलेली.

"सगळं ओतलंस?" मी विचारलं.

"काही समईत, बाकी दिव्याच्या बुधलीत, रॉकेलच्या बाजूला," आई म्हणाली. "काहून रे? खायचं होतं की काय तुला?"

तिने ते अगदी सरळ विचारलं होतं. थट्टा नव्हती, टोमणा नव्हता. माझी आई फार चांगली बाई होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्या मोठ्या चौकटीच्या घरातले सुपारीवाले गृहस्थ खोटं बोलले होते. तिने मात्र त्यांचं वाक्य खरं करून दाखवलं होतं, देवापुढे.

मी समईजवळ गेलो. वातीपासून लांबच्या कडेला बोट बुडवलं आणि चाटलं. तेल कोमट होतं, थोडं कडसर, मागून गोड. मॅट्रिकच्या आधीच्या सगळ्या सकाळी, शाळेत जाताना खाल्लेली तेल-तिखट-भाकर, एकदम तोंडात आली.

"अरे, देवापुढचं आहे ते!" आई ओरडली.

"माहीत आहे," मी म्हणालो. ती वात सारखी करायला वाकली. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधीच बोललो नाही.

शुक्रवारी मी अहवाल लिहिला. अंगठे मिळाले नाहीत, आणि का मिळाले नाहीत, तेही कधी नव्हे ते सरळ लिहिलं. शेवटी लिहिलं, 'तपासनीसाने सदर घाणीचे तेल प्रत्यक्ष सेवन करून ते खाद्य असल्याची खात्री केली आहे.' साहेबांनी तेलाचा डाग पडलेला अर्ज उजेडात धरून पाहिला, वास घेतला आणि सही केली. "अंगठे नाहीत," म्हणाले, "तुझ्या एका ओळीवर जाईल तर जाईल."

तर, विचारणाऱ्या वाचकासाठी: पाणी भरपूर न्या. उन्हाळ्यात जाऊ नका. जवसाची निळी फुलं बघायची असतील तर थंडीत जा, हल्ली पेरा कमी झाला आहे म्हणतात, पण दिसतील. मी पुन्हा कधी गेलो नाही. तिकडची बदली दोनदा चालून आली, दोनदा मी टाळली. वाटेत कुणी जेवायला बसा म्हटलं तर बसा. मला तेवढंच सांगता येतं.

एक राहिलं. अहवाल वर गेला आणि महिना संपायला पाच-सहा दिवस असताना परत आला. माझ्या ओळीखाली लाल शाईने खूण होती आणि समासात नव्या हस्ताक्षरात शेरा, 'सेवनाचे प्रमाण नमूद करावे.' साहेब म्हणाले, "अरे, आणखी अडवायला नको, काहीतरी लिही आणि पाठव." मी टाक उचलला. बोटाच्या टोकाला लागेल एवढं तेल, ते किती होतं? समोर सायत्राबाईचं पाटावरचं ताट दिसत होतं. मी लिहिलं, 'पुरेसे.' त्यावर अनुदान मंजूर झालं, पावसाळ्याच्या आत नवी घाणी वस्तीवर गेली, आणि पुढे बरीच वर्षं ती चालली, असं ग्रामसेवकाच्या पत्रांतून कळत राहिलं. खोट्या कागदावरची घाणी नको, असं ती म्हणाली होती. त्या अख्ख्या अहवालात तेवढा एकच शब्द खोटा आहे.